पडले नाही, बसले

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात आडवं व्हायला हिने बंदी घातली आहे, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घे.) तब्येत कशी आहे हे मुद्दाम विचारत नाही. तू 'ठणठणीत' म्हणणार, आणि त्या शब्दावरचा माझा विश्वास गेल्या मंगळवारी उडाला. इकडे सगळं ठीक. फक्त माझं स्टूल हरवलंय. शिवणाचं दुकान बंद केलं तेव्हा मशीन आणि ते स्टूल एवढंच घरी आणलं होतं, आणि आता पंधरा दिवस घर पालथं घालतोय तरी सापडत नाही.

तर मंगळवार. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आरोग्यसेविकेचा वर्ग होता. (म्हाताऱ्यांनी पडू नये म्हणून वर्ग, आणि तो बावीस पायऱ्या चढून!) मी म्हटलं, सत्तर वर्षं चालतोय, आता ही कालची पोर मला चालायला शिकवणार? हिने नुसतं पाहिलं. मी चप्पल घातली. पोरगी मात्र हुशार निघाली. ओली फरशी, सैल चपला, बेल वाजली की धडपडत उठणं, सगळं पटेल असं सांगितलं. मग फॉर्म काढून विचारलं, "गेल्या वर्षभरात कोण कोण पडलं? हात वर करा." एकतीस माणसं, एक हात वर होईल तर शपथ. ती बिचारी 'शून्य' लिहायला लागली आणि माझं डोकं फिरलं. अगं, या गल्लीतल्या फाटक्या गुडघ्यांना रफू कोण करतं? मी!

हेडमास्तर पुढच्याच रांगेत होते. उभा राहिलो आणि म्हटलं, सर, तुमच्या करड्या पॅंटचे दोन्ही गुडघे मी गेल्या महिन्यात रफू केले, ते काय उंदराने कुरतडले होते? सर लालबुंद. म्हणाले, "मी पडलो नव्हतो. बसलो होतो." (गुडघ्यांवर!) मग काय विचारतेस. पोस्टातल्या निवृत्त बाईंचा 'नुसता तोल गेला' होता, बेकरीवाले 'जमिनीला टेकले' होते, एकाच्या बाबतीत तर म्हणे फरशीच वर आली. पडलं कुणीच नव्हतं. पोरीने शांतपणे फॉर्मवरचा प्रश्न खोडला आणि विचारलं, "बरं, अचानक जमिनीवर कोण कोण बसलं?" पटापट हात वर. (माझा हात विचारू नकोस. मी पंधरा दिवस लंगडतोय तो नवा बूट चावतो म्हणून.) मी मोठ्या रुबाबात हात मोजत होतो. सतरा झाले, अठरावा माझ्या शेजारचा. हिचा.

दोनदा, ताई! एकदा माझ्या मशीनच्या वायरीत पाय अडकून, एकदा मी खाली टाकलेल्या चिंध्यांवरून घसरून. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. सांगितलं का नाहीस म्हटलं, तर म्हणते, "तुम्ही ओरडला असता." आणि खरंच ओरडलो असतो गं. जगाचे गुडघे मी रफू केले, आणि ही आपले कपडे गुपचूप शिवून टाकत होती, माझ्याच सुईने. फार वाईट वाटलं. पोरगी म्हणाली, बोलणी बसतील, घरचे उचलून आपल्याकडे नेतील, या भीतीने माणसं लपवतात, आणि जे लपवलं ते पुन्हा घडतं. आता वायर भिंतीला ठोकली आहे, चिंध्या डब्यात जातात, आणि मी रोज सकाळी खुर्ची धरून एका पायावर उभा राहतो. शेजाऱ्यांची फुकट करमणूक होते.

बाकी क्षेम.

तुझा धाकटा

ता. क. : तुझा निळा गाऊन मी वीस वर्षांपूर्वी चोपन्न इंचांचा शिवला होता. वयाबरोबर माणूस इंच-दोन इंच आटतं, कापड आटत नाही. तो पायाखाली किती येतो ते मोजून कळव.

ता. ता. क. : गाऊनचं निमित्त. महिन्यापूर्वी फोनवर तू म्हणालीस, "काही नाही रे, बाथरूममध्ये जरा बसले होते." मी गाढवासारखा 'बरं' म्हटलं. बाथरूममध्ये कोण बसतं, ताई? उत्तरात 'बसले' लिहू नकोस, 'पडले' लिही. ओरडणार नाही. घर सोड म्हणणार नाही. येईन, भिंतीला धरायला दांडी बसवीन, गाऊन आखूड करीन आणि गुपचूप परत जाईन. पण तू एकटी आहेस आणि मला भीती वाटते.

वन्सं, नमस्कार. पत्र पेटीत टाकायला मीच नेतेय, म्हणून दोन ओळी. बूट चावला म्हणतात ना, त्या दिवशी हे स्टुलावरून 'बसले' होते. स्टूल मी भंगारवाल्याला देऊन टाकलं, यांना सांगू नका. पण तुम्ही खरं काय ते लिहा, आणि लवकर लिहा. यांनी दांडी मंगळवारीच आणली. पिशवी भरून दारातच ठेवली आहे, आणि काल तिच्यात अडखळून मी पुन्हा बसता बसता राहिले.