तिसऱ्या तुकड्याची दोरी

हेल्गोलांड,
४ मे २०२५

ती. स्व. आत्यास,
उल्काचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

आत्या, दोरी ज्याच्या हातात असते त्याला, पाण्याखालून ती कोण ओढतंय, हे कसं कळतं? तुला हसू येईल. पण चार दिवस मी स्वतःला हेच विचारते आहे. फोनवर विचारलं असतं, पण आपल्याकडे फोन स्पीकरवर ठेवून सगळं घर ऐकतं आणि बाबा मध्येच जेवलीस का म्हणून विचारतात. म्हणून पत्र. तुझी सातवीपर्यंतची शाळा कामाला येऊ दे.

आधी इथलं सांगते. उत्तर समुद्रातलं हे बेट एवढंसं, लाल कातळाचं, गाड्या नाहीत. बेटाभोवती पाण्याखाली केल्पचं जंगल आहे. केल्प म्हणजे कातळाला घट्ट धरून उभं राहणारं तपकिरी शेवाळ, पण उंची माणसाएवढी. त्यात मासे अंडी घालतात, खेकडी लपतात. दक्षिणेकडच्या कातळावरचं जंगल लागोपाठच्या गरम उन्हाळ्यांनी मेलं आणि तळ बोडका झाला. आम्ही ते पुन्हा उभं करतो आहोत. प्रयोगशाळेत मुठीएवढ्या दगडांवर बारीक रोपं धरवायची आणि ते दगड नेऊन समुद्रात सोडायचे. असे पाच तुकडे लावले. दोन उन्हाने गेले, दोन वादळाने नेले. तिसरा तेवढा जगला आणि कमरेइतका वाढला. माझी पीएचडी म्हणशील तर ती तिसऱ्या तुकड्यावर उभी आहे.

तिथे हेनिंग म्हणून माझा सहकारी बुडी मारतो आणि होडीतून मी दोरी धरते. इथे पाणबुड्याच्या अंगाला दोरी बांधतातच. झटक्यांची ठरलेली यादी केबिनमध्ये चिकटवलेली आहे. यादीत नसलेला झटका आला तर उलट विचारायचं, उत्तर आलं नाही तर माणूस वर घ्यायचा. मी याची परीक्षा दिली आहे.

बुधवारी समुद्र ताटासारखा सपाट होता. धुकं होतं, पण उजेड भरपूर. हेनिंगला खाली जाऊन वीस मिनिटं झाली होती. दोरीला दोन छोटे झटके आले आणि एक लांब.

तुला सांगायला नको. आपल्या घोडखडपावर, त्या समुद्रातल्या कातळावर, आतोबा शिनाण्यांचे शिंपले काढायला उतरायचे आणि तू होडीत दोरी धरायचीस, मी तुझ्या मांडीला टेकून. दोन छोटे, एक लांब. सोड, अजून आत जातो. इथल्या यादीत असं काहीच नाही. तरी माझ्या डोक्याला कळायच्या आत हातांनी दोरी सोडली.

हेनिंग वर आला तेव्हा त्याच्या टाकीत हवा जवळजवळ संपली होती. सैल दोरी एका कपारीखाली जुन्या जाळ्यात अडकली होती, ती सोडवण्यात त्याचा वेळ गेला. त्याने एकही झटका दिला नव्हता. आमच्या पथकप्रमुख फ्राऊ योहान्सन यांना मी सांगितलं की प्रवाहाने दोरी ओढली. आत्या, मी खोटं बोलले.

ती खूण तू आणखी कोणाला शिकवली होतीस का, तेवढं कळव. आतोबांची दोरी तुटली तेव्हा मी सहा वर्षांची होते, मला सगळं नीट आठवत नाही.

गुडघ्याला तेल लावत जा. माया आहे तशी असू दे.

तुझी,
उल्का

•

भाटवाडी,
२३ मे

चि. उल्कास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमन म्हणाला जर्मनीचं आहे आणि जाईना, चहा पिऊनच गेला. इकडे सर्व ठीक. तुझ्या पदवीचा फोटो दादाने देवघराच्या वर लावला आहे. वहिनी म्हणते, आता उदबत्ती कोणाला ओवाळायची ते तरी सांगा. दादा जेट्टीवर सगळ्यांना सांगतो की मुलगी समुद्रात झाडं लावते. परवा रुपेशने विचारलं की काजू लावते की हापूस, तर चिडून घरी आला.

तू विचारलंस त्याचं उत्तर असं की पाणी दोरीशी खेळतं. शेवाळ अडकतं, मोठा मासा घासून जातो. थकलेल्या हाताला काहीही वाटतं. तू पोटभर जेवत नाहीस हे मला माहीत आहे. नुसता पाव खाऊन दोरी धरतात का?

खूण मी कोणाला शिकवली नाही. ती आमच्या दोघांची होती. तू मांडीशी असायचीस म्हणून तुला आली.

त्या तिसऱ्या तुकड्यावर दोरी तू धरू नकोस. दुसऱ्या कोणाला धरू दे. कारण विचारू नकोस.

एक मात्र लिही. तू सोडलेली दोरी पाण्यात सुस्त पडून राहिली की कोणी घेतली?

दादाला यातलं काही बोलले नाही. जिवाला जप, पत्राची वाट बघते.

तुझी आत्या,
शोभना

•

हेल्गोलांड,
१२ जून २०२५

ती. स्व. आत्यास,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझ्या पत्रातला शेवटचा प्रश्न वाचला आणि मी खोलीतून उठून स्वयंपाकघरात निधीजवळ जाऊन बसले. निधी पुण्याची, माझ्यासारखीच इथे पीएचडी करते, खोली शेजारचीच. तिला मी थोडंसं सांगितलं. ती म्हणाली, अच्छा, उत्तर समुद्राला मराठी येतं तर! मग माझं तोंड बघून तिने पोहे केले.

दोरी घेतली, आत्या. आमच्या दोरीवर दर मीटरला पट्टी असते. मी अकरा पट्ट्या मोजल्या. हिसका नाही, घाई नाही. कोणी चालत जावं आणि दोरी मागून जावी, तशी एकसारखी गेली. आणि हेनिंग म्हणतो की त्या सगळ्या वेळात तो एका जागी गुडघे टेकून पानांची लांबी मोजत होता.

तुझं ऐकलं नाही, रागावू नकोस. आम्ही दोरी धरणारे तिघंच, त्यात एक सुट्टीवर. सोमवारी पुन्हा मीच होते. सकाळी अकराची वेळ, लख्ख ऊन. पुन्हा दोन छोटे, एक लांब. या वेळी मी हात आवळून धरले. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग पुन्हा. जोर वाढत नव्हता. घरात माणूस आहे हे माहीत असलेला कोणी दाराशी उभा राहून कडी वाजवत असावा, तसं. मी हेनिंगला वर घेतलं. मोजमाप अर्धं राहिलं म्हणून तो वैतागला. फ्राऊ योहान्सन यांनी विचारलं तर मी म्हटलं, हाताला पेटका आला. दुसरं खोटं.

नियमाने मला रिपोर्ट लिहायला हवा. दोरीला न कळणारा झटका, आणि मी तिथे काय केलं. पण रिपोर्ट गेला की ती जागा धोक्याची ठरेल आणि बंद होईल. चार तुकडे मेलेले आणि जगलेल्या एकात कोणी उतरायचं नाही. तुला कसं सांगू तिथे काय झालंय! मागच्या वर्षी जिथे नुसता पांढुरका दगड होता तिथे आता पानांच्या बुडाशी माशाने अंडी घातली आहेत आणि नर त्यांच्यावर पहारा देत बसतो. हेनिंगने कॅमेऱ्यात दाखवलं तेव्हा मला रडू आलं. तीन वर्षं कितीतरी लोक यासाठी थंड पाण्यात उतरले. ते मी एका झटक्यासाठी बंद करायचं? तेही असा झटका की ज्याबद्दल कोणाला सांगितलं तर ते मलाच डॉक्टरकडे पाठवतील?

दुसरीकडे हेही आहे की ऑगस्टपासून एक नवी विद्यार्थिनी तिथे उतरणार आहे. बावीस वर्षांची आहे. तिला मी काहीच सांगितलेलं नाही.

तू ते का विचारलंस, आत्या? या वेळी मी कारण विचारते आहे.

तुझा लोभ हाच इथे आधार,
उल्का

•

भाटवाडी,
१ जुलै

चि. उल्कास आशीर्वाद.

होड्या वर ओढल्यात, माणसं घरात आहेत. त्यामुळे हे पत्र मी शाळेच्या पडवीत बसून लिहिते. अक्षर लागलं नाही तर समजून घे.

त्या दिवशी तुला ताप होता म्हणून होडीत नेलं नव्हतं. तुझ्या आतोबांची ती चौथी बुडी. दोरीला झटके आले, दोन छोटे, एक लांब. खूण बरोबर होती, हात वेगळा होता. त्यांचा झटका ओळखायला मला डोळे लागत नसत. ते आधी दोरी जराशी चाचपायचे, मग ओढायचे. हा हात चाचपत नव्हता. तरी मी सोडली, कारण खूण आमची होती. दोरी जात राहिली. तू लिहिलंस तशीच, चालत गेल्यासारखी.

मग थांबली. मी ओढून घेतली तर हलकी लागली. टोक वर आलं. कमरेचा फास जसाच्या तसा, मी मारलेली गाठ तशीच घट्ट, आत माणूस नाही. उल्के, ती गाठ न सोडता त्यातून लहान मूलसुद्धा निघालं नसतं. मी किती वेळ तो फास मांडीवर घेऊन बसले मला माहीत नाही. मग वाटलं, किनाऱ्याला लोक विचारतील. काय सांगू? कोणाच्या सांगण्यावरून दोरी सोडली म्हणून सांगू? मी कोयतीने फास कापला, पाण्यात टाकला आणि सगळ्यांना सांगितलं की दोरी तुटली.

सगळ्यांनी मानलं. तुझ्या बाबानेही मानलं. काथ्याची दोरी, जुनी झाली होती, तुटली. लोकांनी नायलॉनच्या घेतल्या आणि घोडखडपावर जात राहिले. तिसऱ्या वर्षी मयुरेश गेला. रुपेशचा धाकटा भाऊ, तुला आठवत असेल, तुला शिंपले आणून द्यायचा. त्याची दोरी नवी होती. ती तुटली नाही. दोरी धरायला रुपेश होता. त्याने मला आजवर काही विचारलं नाही आणि मीही त्याला विचारलं नाही की झटका कसा आला होता. आम्ही रोज एकमेकांना दिसतो.

मी खरं बोलले असते तर लोकांनी मला वेडी म्हटलं असतं. चालेल, म्हणू देत. पण मग त्या खडपावर कोणी उतरलं नसतं.

खाली काय आहे ते मला माहीत नाही. भूत आहे असं मी म्हणत नाही, देव आहे असंही म्हणत नाही. तू तिथे जंगल लावलंस ते चांगलंच केलंस. आपल्याकडे घोडखडपावर आता कोणी जात नाही आणि म्हणतात शिनाणे एकावर एक चढलेत.

काय करायचं ते तू ठरव. घरातली शिकलेली तू आहेस. मी फक्त काय झालं ते लिहिलं. वीस वर्षांत पहिल्यांदा लिहिलं.

हे वाचून झालं की फाड किंवा ठेव. माझा तुझ्यावरचा जीव कमी होणार नाही.

आत्या

•

हेल्गोलांड,
२० जुलै २०२५

ती. स्व. आत्यास,
उल्काचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र मंगळवारी आलं. फाडलं नाही. निधीलाही दाखवलं नाही. ते कोणाला आणि कधी सांगायचं ते तुझं तू ठरव, रुपेशदादाला सांगायचं असेल तर तेही. मी मध्ये येणार नाही.

त्याच दिवशी दुपारी मी हेनिंगला धक्क्यावर गाठलं आणि सगळं सांगितलं. खूण, माझे हात, दोन्ही खोटी कारणं. तो चिडेल अशी तयारी ठेवली होती, कारण माझ्यामुळे त्याचा जीव जायची वेळ आली होती. त्याने मला जाळी धुणाऱ्या माणसापासून लांब नेलं. मग म्हणाला की त्यालाही एक सांगायचं राहून गेलंय. त्या बुधवारी दोरी त्याच्या डोळ्यांसमोरून गेली होती. सैल दोरी प्रवाहाबरोबर वाहते. ही प्रवाहाच्या उलट, ताठ, कपारीकडे जात होती. पुढे केल्पची पानं एकेक करून बाजूला होत होती आणि मग मिटत होती. पाण्याखाली भलतंसलतं दिसतं असं कळलं तर आपलं उतरणं बंद करतील, या भीतीने तो गप्प बसला. मी विचारलं, मग सोमवारी पुन्हा का उतरलास? तो म्हणाला, तिसरा तुकडा एकटाच जिवंत आहे ना, म्हणून.

आत्या, आम्ही दोघंही एकाच कारणाने खोटं बोललो होतो. ते कारण चांगलं होतं. त्यामुळेच मला जास्त भीती वाटली.

बुधवारी रिपोर्ट दिला. त्यात झटका कोणी दिला असा रकाना आहे, तिथे मी माहीत नाही असं लिहिलं. दोरी कोणी सोडली, तिथे माझं नाव लिहिलं. हेनिंगने स्वतःच्या सहीने वेगळं पान जोडलं. फ्राऊ योहान्सन यांनी दोन्ही पानं दोनदा वाचली, हो, हो, असं स्वतःशीच जर्मनमध्ये म्हणाल्या आणि मला हसल्या नाहीत. खोटं का बोललीस एवढंच विचारलं.  पुन्हा परीक्षा देईपर्यंत दोरी माझ्या हातात येणार नाही. कागदावर कारण जुन्या जाळ्याचा धोका असं लागलं आहे आणि तिसरा तुकडा कायमचा बंद. नव्या विद्यार्थिनीला पश्चिमेकडचं काम दिलं. तिला मी स्वतः भेटून सगळं सांगितलं. ती हसली नाही, तिने फक्त जागा नकाशावर नीट विचारून घेतली.

प्राध्यापक म्हणाले, माझं एक वर्ष तरी गेलं. नवी जागा शोधायची, पुन्हा दगडांवर रोपं धरवायची. करार पुढच्या सप्टेंबरपर्यंतच आहे, वाढेल की नाही सांगता येत नाही. बाबांना हे मीच सांगेन, फोनवर, स्पीकर चालू असला तरी. फोटो काढून ठेवायला सांगू नकोस, असू दे तिथेच.

मोजायला कोणी जाणार नाही म्हणजे ते जंगल किती वाढलं हे आता आम्हाला कधी कळणार नाही. पहिल्या दिवशी याचं फार वाईट वाटलं. आजही वाटतं आहे.

काल दुपारी, पाणी थांबलेलं असताना, मी आणि हेनिंग होडीने गेलो आणि तिसऱ्या तुकड्यावरचा खुणेचा तरंगता बोया सोडवून वर घेतला. परत फिरताना मागे पाहिलं, तर ती जागा नेमकी कुठे होती ते मला ओळखता आलं नाही.

तुझ्या मायेत राहू दे,
उल्का