मुखेडच्या बाजारातलं गिऱ्हाईक

माय, तुझं चुकलंच होतं, हे मी अजून म्हणून राहिलो. धड चार शब्द न बोलणाऱ्या दादाला एकट्याला एसटीत बसवून मुखेडच्या बाजाराला कोण धाडतं? सगळ्या गावात तूच एक. तुझं उत्तर ठरलेलं असायचं, "तो बोलत न्हाई, पण बाजार मुका हाय का?"

नांदेडच्या डॉक्टरनं दादाची बुद्धी लहानच राहणार म्हणून सांगितलं, तेव्हा तू रडलीस, असं बाबा सांगतात. मला आठवते ती त्यानंतरची तू. तशाच पोरांच्या आणखी काही आयांना धरून मुखेडच्या स्टँडामागं पत्र्याची खोली भाड्यानं घेतलीस. मला वाटलं, आता यांना मणी ओवायला शिकवणार. तू तर बाजारालाच शिकवायला निघालीस. प्रत्येक दुकानाच्या पालापुढं जाऊन एकच सांगायचीस, काय पाहिजे ते मला विचारू नका, त्याला विचारा. एका पेरूवालीनं दया येऊन दादाच्या हातात पेरू ठेवला, तो तू परत तिच्या टोपलीत टाकलास. "फुकट देऊ नको बाई. फुकट दिलं की तो गिऱ्हाईक राहत न्हाई." ती म्हणाली, त्याला लई येळ लागतो. तू म्हणालीस, "भाव करणाऱ्या बाया त्याच्याहून जास्त येळ घेत्यात, त्यांना बोल की." आजूबाजूच्या बाया हसल्या. पेरूवालीही हसली, आणि पैसे घेऊन पेरू दिला.

मग तो बाजाराचा दिवस. दादा पहिल्यांदा एकटा गेलेला, आणि दुपारची गाडी त्याच्याविना आलेली. मी अंगणात थयथयाट करून राहिलो, सायकल काढतो, आत्ता जातो. तू ओट्यावर बसून मेथी निवडतेस. मान वर न करता म्हणतेस, "तू गेलास तर पुढच्या बाजारापासून दर येळी तुलाच जावं लागंल. बस खाली." शेवटच्या गाडीतून दादा उतरला. कंडक्टर दारातूनच वरडला, मावशी, हा माणूस चहा प्यायला बसला होता, गाडी चुकली, तर हाटेलवाल्यानं माझ्या गाडीत आणून बसवला. दादाच्या पिशवीत वांगी होती, सांगितली होती कोथिंबीर. तू वांगी हातात घेऊन बघितलीस आणि म्हणालीस, चांगली निवडली की. मग मी तुझ्यापुढची टोपली बघितली. मेथीच्या काड्या टोपलीत होत्या आणि पाला सगळा खाली मातीत.

तू गेलीस, त्यानंतर माझी शाळा सातवीत सुटली ती सुटलीच. मग गुजरातेत फरशीच्या कारखान्यात लागलो. एका जागी माझं बूड टिकत न्हाई, ते तुला ठाऊकच हाय. खोली मात्र टिकली. त्या आया थकल्या, पण नांदेडला असल्या पोरांना शिकवायचं शिकून आलेली एक पोरगी आता तिथं बसते, आणि दर बाजाराला कुणाला ना कुणाला घेऊन निघते. पालापुढं जाऊन तुझंच वाक्य म्हणते. तिनं तर तुला बघितलंही न्हाई.

यंदा काकानं लातूरच्या, असल्या माणसांना ठेवायच्या वसतिगृहाचं काढलं. त्याचं म्हणणं, बाबांना झेपत न्हाई, दादाचं वय झालं, तिथं दोन येळ जेवण हाय. बाबा जवळजवळ तयार झाले होते. मी फोनवर भांडलो, पण इतक्या लांबून भांडणाऱ्याचं कोण ऐकतं? शेवटी बाबा दादाला घेऊन मुखेडच्या त्याच हाटेलात बसले आणि हाटेलवाल्याला सांगितलं, आता हा येणार न्हाई. दादानं नेहमीसारखा कप पुढं सरकवला, साखर कमी म्हणून. हाटेलवाला साखर घालत बोलला, "दर बाजाराला भांडतो माझ्याशी. असलं गिऱ्हाईक लातूरला धाडून मी दिवसभर कुणाशी भांडू?" बाबा उठले आणि दादाला घेऊन घरी आले. लातूरचं नाव पुन्हा निघालं न्हाई. तुझाच शब्द होता तो, माय. कुठून कुठं फिरून आला.

हे लिहिलंय खरं, पण टाकू कुठं? मोबाइलातच राहील. खोलीच्या भाड्याला पाच हजार धाडतो म्हणून त्या पोरीला सांगितलं होतं. पण काम मी परत सोडलंय, बाबांना अजून बोललो न्हाई. म्हणून या महिन्याला अडीच हजार.