खुर्चीचा आखूड पाय

प्रिय धाकट्या,

सात वर्षांनी माझं अक्षर पाहून तू हे पत्र फाडायला घेतलं असशील. फाड, पण आधी वाच. आत्याने सोबत एक पुडकं दिलं असेल, पत्र वाचून होईपर्यंत ते उघडू नकोस. माझ्या तीन बरगड्या मोडल्या आहेत, डाव्या कानाने ऐकू येत नाही, आणि हॉस्पिटलमधली नर्स तासातासाला येऊन माझी उशी सरळ करते, कारण मी डावीकडे कलून बसतो. तिला वाटतं, मार लागल्यामुळे. गेली अकरा वर्षं मी असाच बसतो आणि त्याला कारण तू केलेली खुर्ची, हे तिला कुठल्या तोंडाने सांगू!

मास्तरांसाठी ती खुर्ची केलीस तेव्हा किती घाईत होतास, आठवतं? जन्मभर शाळेत भूमिती शिकवलेला माणूस, निवृत्त होऊन त्या जुन्या गोदामात आपल्याला नुसतं गप्प बसायला शिकवत होता, आणि गुडघे धरल्यामुळे त्याला खाली बसवेना. तू एका दिवसात खुर्ची उभी केलीस आणि मागचा डावा पाय अर्धा इंच आखूड राहिला. मास्तर बसले की किंचित डावीकडे कलायचे. महिन्याभरात पहिली रांग कलायला लागली, वर्षभरात सगळं गोदाम. हृदय डावीकडे असतं म्हणून मास्तर तिकडे झुकतात, हा शोध माझा. चारचौघांत मीच तो छातीठोकपणे सांगितला. तू मागे बसून खो खो हसलास, आणि मी तुला बाहेर नेऊन कानाखाली वाजवली. सुरुवात तिथून झाली.

मास्तरांना हे कळलं तेव्हा त्यांनाही हसू आवरेना. त्यांच्या खोलीत आपण दोघंच होतो. हसता हसता त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "अरे, धरून बसू नका म्हणून मी घसा कोरडा केला, आणि यांनी माझी बूड टेकायची तऱ्हाच धरून ठेवली!" मग बजावून सांगितलं, की मी गेलो की त्याच दिवशी ही खुर्ची फोडून जाळा, नाहीतर हे लोक तिच्यापायी एकमेकांची डोकी फोडतील. तू लगेच हो म्हणालास. मी उठून दार नीट लागलंय ना ते पाहिलं.

ते गेले त्या दुपारी तू कुऱ्हाड घेऊन आलास. गोदामात दोनशे माणसं रडत होती. मास्तरांनीच सांगितलंय, दादाला विचारा, असं तू म्हणालास आणि दोनशे तोंडं माझ्याकडे वळली. लहानपणी फळी वाकडी कापली गेली की बाबा तुझ्या अंगावर धावून यायचे, तेव्हा मी मध्ये उभा राहायचो. त्यांच्या पट्ट्याचा वळ अजून माझ्या पाठीवर आहे. त्या दिवशीही तुला वाटलं असणार, दादा आहे ना. आणि दादा म्हणाला, हा खोटं बोलतोय. लोक तुझ्यावर तुटून पडले. लाथा, बुक्क्या, कुणीतरी केसांना धरून तुझं तोंड फरशीवर आपटलं. तरी कुऱ्हाडीवरची तुझी मूठ सुटेना. ती सोडवायला तुझ्याच पिशवीतला हातोडा मी उचलला. पहिल्या घावालाच सुटली होती. मी तीन घातले. उरलेले दोन का घातले, ते मला त्याच क्षणी ठाऊक होतं. तू खरं बोलत होतास.

पुढे मी गोदामाचा मुख्य झालो. खुर्चीला काचेची पेटी आली. मी लोकांना मोह सोडा म्हणून सांगायचो आणि काचेला कुणाचं बोट लागलं तर त्याचं मनगट पिरगाळायचो. तू डाव्या हाताने रंधा मारायला शिकलास हे आत्या सांगायची, आणि मी विषय बदलायचो.

गेल्या महिन्यात एक बाई यायला लागली. साठीची, पाठीला पट्टा बांधलेली. तिला कलताच येईना. ताठ बसायची बिचारी, आणि लोकांना ते खपेना. एका सकाळी त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी नुसती होकाराची मान हलवली. दोघांनी तिचा खांदा धरून तिला डावीकडे दाबलं. हाड कडकन मोडलं. तिच्या ओरडण्यात मला तू ऐकू आलास. तू तर तेव्हा ओरडलाही नव्हतास. ती याच हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर आहे. मला भेटायला तयार नाही, आणि का व्हावी?

तुझी कुऱ्हाड इतकी वर्षं माझ्या कपाटात होती. त्या बाईला हॉस्पिटलात नेल्यावर मी काच फोडली, खुर्ची अंगणात ओढली आणि घाव घालत सुटलो. काय पक्के सांधे केले होतेस रे, घामाघूम झालो! आग चांगली धडधडायला लागली तेव्हा लोक धावत आले. मी ओरडून सांगितलं, मास्तरांनीच असं सांगितलं होतं, धाकटा खरं बोलत होता. कुणीही विश्वास ठेवला नाही. खोटारडा म्हणत त्यांनी मला बेशुद्ध होईपर्यंत तुडवलं. त्यांना काय बोलू, सगळं माझ्याच हाताखाली शिकलेत.

काल त्यांच्यातले दोघे इथे येऊन गेले. आता नवी खुर्ची करायची आहे, हुबेहूब तशीच, आखूड पायासकट, आणि ती त्याच सुताराकडून. येत्या आठवड्यात तुझ्या दारात येतील, आधी हात जोडून आणि नाही म्हणालास तर मुठी वळून. म्हणून हे पत्र. सावध राहा, बायकापोरांना आत्याकडे पाठव. पण त्यांच्यापाशी माप नाही, ते त्या पुडक्यात आहे. सगळी खुर्ची मी जाळली आणि हा आखूड पाय मात्र शर्टाखाली लपवला. मार खाताना तो दोन्ही हातांनी घट्ट धरून होतो, म्हणून बरगड्या झाकता आल्या नाहीत. इथेही तो रोज उशाशी घेऊन झोपलो. माफी मागायचं तोंड मला नाही. एवढंच कर, सरस तापवायच्या शेगडीत हा पाय घाल, आणि मी फोडलेल्या तुझ्या त्याच हाताने घाल. माझ्याने तो सुटत नाही रे.

तुझाच,
दादा