मेणाचे वर्ष

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, पूर्वीचा धंदा कवळ्या बनवणे, हल्लीचा धंदा काही नाही, राहणार तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, हे मृत्युपत्र स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या हाताने, चष्मा लावून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, गेली पंचवीस वर्षे त्याबद्दल शंका आहे. हृदय मात्र ठिकाणावर नाही. वर्षभर चालेल, दोन वर्षे चालले तर नशीब, असे त्याच डॉक्टरांनी सांगितले आहे. कोणीही मला धाक दाखवलेला नाही किंवा गोड बोलून काही लिहून घेतलेले नाही. गोड बोलणारी माणसे माझ्याकडे फारशी येत नाहीत.

मला नवरा नाही, मूल नाही, कर्ज नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले आणि हेच शेवटचे धरावे.

कलम एक. राहत्या दोन खोल्या मी माझी भाची बारकी, म्हणजे दादाची एकुलती एक मुलगी, हिला देते. बारकी आता एक्केचाळीस वर्षांची आहे आणि अंगाने माझ्या दुप्पट आहे, पण एकदा नाव पडले ते पडले. दादाची फर्निचरची तीन दुकाने आहेत. त्यांचा हिशोब, मालाची पाठवणी आणि पाय डुगडुगणाऱ्या टेबलांच्या तक्रारी, सगळे बारकी बघते. तिचा फोन जेवताना ताटाशेजारी असतो आणि झोपताना उशीखाली. मागच्या वर्षी एकदा ती दुपारीच इथे आली, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "आत्या, मला थांबायचंय."

मी विचारले, "थांबून काय करशील?"

"काही नाही. सकाळी उठून त्या खिडकीपाशी बसायचंय. मग बघू."

मला ते लगेच कळले. दादाला तिने हेच सांगितले तेव्हा त्याने एकच प्रश्न केला, "खाणार काय?" प्रश्न चुकीचा नाही. हे मृत्युपत्र म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि ते दादाने नीट ऐकावे अशी माझी इच्छा आहे.

कलम दोन. बँकेतल्या माझ्या सर्व ठेवी आणि खात्यातली शिल्लक मी बारकीलाच देते. किती आहे ते बँक सांगेल. किती लागते, ते मी सांगते.

मी सेहेचाळिसाव्या वर्षी काम सोडले. वर्षभर घरात किती खर्च होतो ते काढले, दुखण्याखुपण्यासाठी थोडा वाढवला आणि त्याची तीसपट साठली तेव्हा थांबले. एवढेच गणित आहे. लोक पगारापासून मोजायला सुरुवात करतात, म्हणून त्यांचा आकडा कधी संपत नाही. खर्चापासून मोजले की आकडा हातात येतो. घर स्वतःचे होते, गरजा बेताच्या होत्या आणि मिरवायची हौस नव्हती. आकडा ऐकून दादा म्हणाला, "एवढ्यावर? दोन वर्षांत माझ्या दारात उभी राहशील." मी त्याच्या दारात पुष्कळदा उभी राहिले, पण वहिनीला भेटायला. पंचवीस वर्षे खाऊन-पिऊन, छप्पर दुरुस्त करून, दोनदा दवाखान्यात राहून आज त्या ठेवी सुरुवातीपेक्षा थोड्या जास्तच आहेत. हे वाक्य दादाला दोनदा वाचून दाखवावे.

दादाचाही एक आकडा होता. चाळिशीत तो म्हणायचा, "एक दुकान स्वतःचं झालं की बस." मग दुसरे झाले की बस. मग तिसरे. आता तो पंचाहत्तर वर्षांचा आहे आणि चौथ्याची जागा बघून ठेवली आहे. त्याचा पैसा, त्याने काय वाटेल ते करावे. माझा पैसा मात्र चौथ्या दुकानाच्या फळ्यांना आणि काचांना लागता कामा नये, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते.

कलम तीन. कलम एक आणि दोन यांना एक अट आहे. बारकीने आधी मेणाचे वर्ष काढावे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कवळी एकदम बनत नाही. आधी तोंडाचे माप घेतात, त्यावरून प्लास्टरचा साचा करतात आणि मग दात गुलाबी मेणात बसवतात. हे मेणाचे दात माणसाच्या तोंडात घालून बघायचे असतात. ओठ पुढे येतो का, बोलताना शीळ वाजते का, बारकाईने बघायचे. चुकले असेल तर मेण जरा गरम करायचे आणि दात सरकवायचा. एकदा मेणाच्या जागी प्लास्टिक भरून कवळी शिजली की मग काही सरकत नाही, फक्त घासता येते. माझे गुरू, म्हणजे आमचे मुख्य कारागीर, प्रत्येक चाचणीनंतर एकच विचारायचे, "हसवलंस का?" माणूस जपून बोलतो, जपून चावतो, पण हसताना विसरतो. दात तेव्हाच निसटतात.

काम सोडायच्या आधी मी स्वतःचे आयुष्य असेच मेणात बसवून पाहिले. पगार येत होता, पण त्याला हात लावायचा नाही. पुढे ठेवींतून जेवढे मिळणार होते, तेवढ्यातच भागवायचे. छान भागत होते. मी स्वतःवर खूश होते. मग समोरच्या दारातली शिवणकाम करणारी माझी शेजारीण, जिला तोंडावर बोलल्याशिवाय घास गिळत नाही, एके दिवशी चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "तुझ्याकडे आलं की चोरी केल्यासारखं वाटतं गं. दूध काय थेंबाथेंबानं घालतेस? राहू दे, मी येतच नाही."

ती खरेच यायची थांबली. मग माझ्या लक्षात आले की धान्य, वीज, औषध, चपला सगळे मी धरले होते, पण माझ्याकडे येणारी माणसे धरलीच नव्हती. जेवता येत होते, हसता येत नव्हते. मी आकडा वाढवला, त्यासाठी आणखी वर्षभर कवळ्या घासल्या आणि मग थांबले. ते वर्ष मेणाचे होते म्हणून बरे. एकदा शिजल्यावर हे कळले असते तर आयुष्यभर घासत बसले असते.

म्हणून बारकीचे मेणाचे वर्ष माझ्या मरणाची वाट न बघता येत्या पहिल्या तारखेला सुरू होईल. चाचणीच्या वेळी कारागीर समोर असावा लागतो. वर्षभर ती दुकानात जाणार नाही. इथे बाहेरच्या खोलीत राहील आणि दरमहा मी देईन तेवढ्यातच भागवेल. कुठे टोचले तर आम्ही दोघी मिळून सरकवू. वर्ष संपल्यावर तिने स्वतः सांगावे, जमते की नाही. नाही म्हणाली तरी घर आणि पैसे तिचेच, मी रुसणार नाही. फक्त तिने आधी घालून बघावे. वर्ष पुरे व्हायच्या आत मी गेले तर माझ्या जागी शेजारीण बसेल. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करायची आहे. तिला मी शिलाई मशीनसाठी नवी मोटर देणार होते, पण ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले. शेजारीण म्हणाली, "मोटर राहू दे, मला सही करायचीय."

कलम चार. खिडकीजवळची हाताची खुर्ची वहिनीला द्यावी. वहिनी दर बुधवारी भाजी आणायला म्हणून निघते, माझ्याकडे येते आणि त्या खुर्चीत तासभर गाढ झोपते. हे दादाला माहीत नाही. आता झाले. तीन दुकाने भरून खुर्च्या असलेल्या माणसाच्या बायकोला झोपायला माझी खुर्ची लागते, यावर मी जास्त काही लिहीत नाही.

कलम पाच. कोरण्या, मेणाच्या सुऱ्या, स्पिरिटचा दिवा आणि वरचा-खालचा जबडा जुळवून धरणारी पितळी चौकट ही अवजारे कामावर माझ्या टेबलाशी जी कारागीर आता बसते तिला द्यावीत. लहान कोरणीची मूठ सैल आहे, तिने ती बदलू नये, हाताला सवय होते. मी काम सोडले तेव्हा तिथल्या मालक डॉक्टरांनी समारंभ करून मला गजराचे घड्याळ भेट दिले. ज्या बाईला आता कुठेही वेळेवर जायचे नाही, तिला गजर! वर भाषणात म्हणाले, "आमचे हात चालले." हातांच्या मागे एक बाई होती, हे त्यांना वीस वर्षांत दिसले नाही. घड्याळ खोक्यासकट फळीवर आहे. ते त्यांना परत करावे.

कलम सहा. माझा थोरला भाऊ, दादा, याला मी काहीही देत नाही. एक चमचासुद्धा नाही. हे विसरून राहिलेले नाही, विचार करून लिहिले आहे.

कलम सात. वरची सहा कलमे सकाळी लिहिली. हे दुपारी लिहीत आहे, आणि दादा समोर बसला आहे.

गेल्या वर्षी मी दादाच्या तोंडाचे माप घेतले होते. त्याची जुनी कवळी हसताना निसटते, म्हणून त्याने हसणेच सोडून दिले. लोकांना वाटते माणूस कडक आहे. मी मेणात नवे दात बसवून ठेवले आणि घालून बघायला ये म्हणाले. तो म्हणाला, "शनिवारी येतो." मग कितीतरी शनिवार गेले. दुकानाचा मोठा दिवस म्हणजे शनिवार. काल वहिनीकडून मी मृत्युपत्र करणार असल्याचे कळले, आणि आज त्याला शनिवार सापडला.

मी त्याला स्टुलावर बसवले, मेणाचे दात तोंडात घातले आणि बजावले, "दाबायचं नाही, बोलायचं नाही." मग सहाही कलमे वाचून दाखवली. मेणाचे दात तोंडात असले की माणसाला दात-ओठ खाता येत नाहीत, हे मी आधीच हेरून ठेवले होते. कलम दोनला तो लाल झाला. कलम तीनला उठला आणि परत बसला. कलम चारला खिडकीजवळच्या खुर्चीकडे बराच वेळ बघत राहिला. कलम सहा संपल्यावर त्याने दात काढून थंड पाण्याच्या वाटीत ठेवले.

"मला काहीच नाही?"

"नाही."

"एवढा राग धरलास?"

"राग आहेच. पण त्यासाठी नाही. ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये, दादा. मला तुझी सही हवीये."

"म्हणजे उद्या मी कोर्टात जाऊ नये म्हणून."

"त्यासाठीही. पण बारकीला खाली तुझं अक्षर दिसलं पाहिजे. नाहीतर ती इथे खिडकीपाशी बसेल आणि जीव दुकानात राहील."

तो म्हणाला, "तिच्यासाठीच तर तिसरं दुकान काढलं गं. मी गेल्यावर तिला कमी पडलं तर?"

"तिला विचारलंस?"

कमी पडले तर, या भीतीनेच हा माणूस तीस वर्षे एका जागी बसला नाही, हे मला आज पहिल्यांदा त्याच्या तोंडून कळले. त्याबद्दल मला वाईट वाटले. पण मी एक शब्दही बदललेला नाही.

मी दात पुन्हा त्याच्या तोंडात घातले आणि म्हणाले, "आता हस."

"हसायला काय झालंय?" तो मेणातून पुटपुटला.

"काम आहे. हसल्याशिवाय पुढे शिजवता येत नाही."

तो हसायला काही शोधत खोलीभर बघू लागला, आणि त्याची नजर फळीवरच्या खोक्यावर गेली. "गजराचं घड्याळ," तो म्हणाला, आणि त्याला हसू फुटले. सवयीने हात तोंडापुढे आला. मी तो खाली ओढला. दात जागेवर होते. माझा भाऊ हसताना मी किती वर्षांनी पाहिला ते मला सांगता येणार नाही. मला रडू आले, तेही इथे नोंदवून ठेवते.

दातांची जोडी मी हयातीतच त्याला देत आहे. ती या मृत्युपत्रात धरू नये, म्हणजे त्याच्या सहीला बाध येणार नाही.

वर लिहिलेले सर्व मी पुन्हा वाचले आहे. त्यात खाडाखोड नाही, पश्चात्ताप नाही. इतके मला पुरले.

ठिकाण: तिसरा मजला, स्वयंपाकघरातले टेबल.
तारीख: महिन्याचा शेवटचा शनिवार, दुपार.

सही: बारकीची आत्या, कवळ्या बनवणारी

साक्षीदार पहिली: समोरच्या दारातली शेजारीण, शिवणकाम. मजकूर लिहिणारीने माझ्यासमोर सही केली. डोके ठिकाणावर आहे. चहात दूध भरपूर होते.

साक्षीदार दुसरा: थोरला भाऊ, फर्निचरचे व्यापारी. मजकूर ऐकला आणि स्वतःही वाचला. सही माझ्यासमोर झाली. मला काही मिळालेले नाही, तक्रार नाही. पहिल्या तारखेपासून बारकी दुकानात येणार नाही. वर्षभर तिच्या खुर्चीवर मी कोणाला बसू देणार नाही. त्यानंतर ती खुर्ची विकायला काढीन.