जोडीने चढायचा जिना

११ फेब्रुवारी, रविवार

नावे दिली! बाबांचे आणि माझे. मे महिन्यात हिमालय. एका मोठ्या शिखराच्या बेस कॅम्पपर्यंत जाणारी, मार्गदर्शकाबरोबरची छोटीशी पदयात्रा. ज्या मुलीची आजवरची सर्वांत मोठी चढाई म्हणजे ग्रंथालयाचा पोटमाळा, तिने हे करावे!

इच्छा बाबांची. त्यांची सारी नोकरी लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली. निवृत्तीनंतर काय करावेसे वाटते, असे मी विचारले, तेव्हा म्हणाले, "लिफ्टच्या खाली खड्डा असतो ना, त्यात उभं राहून मी जन्मभर वर बघितलं. वर कायम सिमेंट. एकदा असं तळाशी उभं राहायचंय, की वर नुसतं आकाश असेल." त्यांना शिखर नको, पायथा हवा. मला हे इतके सुंदर वाटले की मी 'मीही येते' म्हणून मोकळी झाले.

आई म्हणाली, "पायऱ्याच चढायच्या होत्या, तर इतकी वर्षं लिफ्टी कशाला नीट केल्यात?" आणि शिवणयंत्र जोरात चालवू लागली.

१४ फेब्रुवारी, बुधवार

ग्रंथालयातून पर्वतारोहणावरची पुस्तके आणली. विरळ हवा, उंचीवरचा आजार, पाण्याचे महत्त्व, सारे वाचून काढले. एका पुस्तकात 'चालावे कसे' यावर आख्खे प्रकरण आहे. बाबा म्हणाले, "बोर्डाची परीक्षा आहे का ही? पुस्तक ठेव आणि चालून दाखव." काय करू! शाळेपासून पहिल्या नंबराची सवय लागलेल्या माणसाला अभ्यासाची दुसरी रीत येत नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

क्रीडांगणावर सगळ्यांची पहिली भेट. मंडळी भराभर बोलत होती, अर्धे इंग्रजीत. मी बाबांच्या पाठीमागे. ज्यांच्याबरोबर जायचे ते मार्गदर्शक — सगळे त्यांना 'सर' म्हणतात — रापलेले, नाकावरची कातडी सोललेली. आवाज मात्र वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा.

त्यांचा एक नियम विलक्षण आहे. कोणीही आपली तब्येत आपण सांगायची नाही. जोड्या करून दिल्या आहेत. तुमची अवस्था तुमचा जोडीदार सांगणार. "वर गेल्यावर सगळे खोटं बोलतात," सर म्हणाले. "डोकं फुटत असतं आणि म्हणतात, मी एकदम मजेत! का, तर मागे पाठवतील. म्हणून मी ज्याचं त्याला विचारतच नाही. आणि हो, 'ठीक आहे' हे शब्द माझ्याकडे चालत नाहीत. नीट बघायचं आणि बघितलेलं सांगायचं."

बाबा आणि मी एक जोडी. लगेच तालीम घेतली. मी उठले. "बाबा... ठीक आहेत." बाबा म्हणाले, "पोरगी ठीक आहे."

"वा! एकाच घरातले शोभता," सर म्हणाले. सगळे हसले. मला धरणीने पोटात घ्यावे असे वाटले. बाबांनी वाटेतच सरांचे नाव 'हेडमास्तर' ठेवून टाकले.

२० फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर बाबांकडे निरखून पाहिले. शेवटी वैतागून म्हणाले, "चेहऱ्याला काही लागलंय का माझ्या?"

२५ फेब्रुवारी, रविवार

सरावासाठी जिना मिळाला! पलीकडच्या रस्त्यावरची ती उंच इमारत. तिथली लिफ्ट बाबांनीच बसवलेली. वॉचमन त्यांना मिस्त्री म्हणतो. आम्ही पाठीवर सॅक घेऊन जिन्याकडे वळलो, तर हात जोडून उभा राहिला. "मिस्त्री, स्वतःच्या लिफ्टवर इतका अविश्वास?"

वजन हवे म्हणून सॅकमध्ये मी शब्दकोशाचे खंड भरले आहेत. विद्येचे ओझे काय असते, ते आज खांद्यांना कळले.

चढताना बाबा मधूनमधून एखाद्या मजल्यावर थांबतात, लिफ्टच्या बंद दाराला कान लावतात आणि डोळे मिटतात. "ऐक. वरच्या चाकाला तेल हवंय." मीही कान लावला. आधी नुसती घरघर. मग तिच्या आत एक बारीक किरकिर. "ऐकू आली ना? आता ती तुला कायम ऐकू येणार." लहानपणी त्यांनी मला असे काही शिकवल्याचे आठवत नाही. ते कामावर असत, मी पुस्तकात. आता या जिन्यावर बाप मिळतो आहे. सरांचे आभार, वॉचमनचे आभार, त्या बिनतेलाच्या चाकाचेसुद्धा आभार!

२ मार्च, शनिवार

थंडीची जाकिटे आणली. माझ्या बाह्या लांब. आईने त्या कमी करायला घेतल्या. खोलीत शिरले, तर जाकीट अंगात घालून आरशासमोर उभी. "शिवण कुठून उसवायची ते बघत होते," म्हणाली. मग एकामागून एक प्रश्न. तिथे झोपायचे कुठे? बायकांची सोय काय? पाणी गोठते म्हणजे बाटलीतलेसुद्धा? माझ्याकडे प्रत्येकाचे उत्तर होते, पुस्तकाच्या पानासकट. मी तिला म्हटले, "आई, इतकी काळजी नको करूस." तिने दोरा दातांनी तोडला.

७ मार्च, गुरुवार

सर दर गुरुवारी फोन करतात. आज बाबांनी माझे वर्णन केले. मी शेजारीच.

"उजव्या पायावर जरा जास्त भार टाकते. तहान लागली तरी मागत नाही, बाटली पुढे करावी लागते. दमली की बोलायची बंद होते. म्हणजे, आहे त्याहून बंद."

पलीकडून सर म्हणाले, "शंभरपैकी शंभर!"

गुणपत्रिका कितीतरी पाहिल्या. इतके नेमके माझ्याविषयी कोणत्याच कागदावर नव्हते. मोरीत जाऊन थोडी रडले. सुखाने.

१० मार्च, रविवार

आता मी शेवटच्या मजल्यापर्यंत न थांबता चढते. बाबा थांबतात, पण ते लिफ्ट ऐकायला. हल्ली जवळजवळ प्रत्येक मजल्यावर. "म्हातारी झाली बिचारी, कुरकुरते फार," म्हणतात. गच्चीवर पोचल्यावर आम्ही दोघे पाठीवर पडून आकाश पाहतो. बाबा म्हणाले, "हे तिथं याहून मोठं असेल का गं?" मी म्हटले, आकाश तेवढेच असते, बाबा. "तुझ्या पुस्तकात असेल," म्हणाले.

१६ मार्च, शनिवार

हे कसे लिहू?

आज इमारतीची लिफ्ट बंद होती. तारा बदलायच्या आहेत, कामगार सोमवारी यायचे आहेत. दारात पाटी, पाटीवर मोठी अक्षरे. बाबांनी ती मोठ्याने वाचलीसुद्धा. "बरं झालं, जुन्या तारा होत्या," म्हणाले.

आम्ही चढू लागलो. थोड्या वेळाने ते थांबले. लिफ्टच्या दाराला कान लावला. डोळे मिटले.

सगळा जिना चिडीचूप. आत काही हलत नव्हते, ऐकण्यासारखे काही नव्हतेच. फक्त बाबांचा श्वास ऐकू येत होता — ओढून घेतलेला, तुटक. कपाळ दाराला टेकलेले, डावा हात छातीशी, ओठांभोवती राखाडी छटा. मग त्यांनी डोळे उघडले आणि सवयीने म्हणाले, "तेल हवंय."

मी "हो" म्हटले.

मी हो म्हटले!

इतके दिवस मी त्यांच्या कानाकडे पाहत होते. सरांनी माणसाकडे बघायला सांगितले होते. उद्या सगळ्यांसमोर त्यांचे वर्णन करायचे आहे. खरे सांगितले, तर त्यांचा हिमालय गेला. पुन्हा 'ठीक' म्हटले, तर — पुस्तकात पुढचे सारे दिलेले आहे. मला ते पाठ आहे.

१७ मार्च, रविवार

बोलले.

पाळी आली तेव्हा बाबांनी माझ्याकडे पाहिले नाही. मी उभी राहिले. पंधराएक माणसे माझ्याकडे पाहत होती. एरवी मी एवढ्यांसमोर स्वतःचे नावही नीट सांगू शकत नाही.

"बाबा जिन्यात थांबतात," मी म्हणाले. "पहिल्यांदा अधूनमधून, आता जवळजवळ प्रत्येक मजल्यावर. छातीला हात लावतात. श्वास तुटतो. ओठांचा रंग जातो."

बाबा हसले. "अहो, मी लिफ्टचा माणूस. लिफ्ट ऐकायला थांबतो. जुनी खोड आहे."

"लिफ्ट बंद होती, बाबा," मी म्हणाले. "काल लिफ्ट बंद होती."

सरांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे. त्यांचा होकार आल्याशिवाय सराव बंद."

घरी आलो. बाबा दारात चप्पल काढताना एवढेच म्हणाले, "सगळ्यांसमोर?"

१९ मार्च, मंगळवार

हृदयाच्या एका रक्तवाहिनीत मोठा अडथळा. डॉक्टरीणबाई पडद्यावर दाखवत होत्या. "अशा अवस्थेत उंचावर गेले असते तर... जाऊ दे, मी पुढचं बोलत नाही. वेळेत आलात." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कुणाच्या लक्षात आलं?"

बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, "माझ्या जोडीदाराच्या."

रविवारनंतर प्रथमच माझ्याविषयी बोलले!

२२ मार्च, शुक्रवार

मनगटातून नळी घालून अडथळा काढला. आत जाळीची नळी बसवली आहे. सुखरूप! सुखरूप! हा शब्द पानभर लिहावासा वाटतो.

शुद्ध पुरती होतीच, पण बाबांचा आवाज ओला होता. "दुखायचं मला महिनाभरापासून. म्हटलं, एकदा तिथवर पोचू, मग व्हायचं ते होऊ दे." मी पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडले. परिचारिका धावत आली. बाबा तिला म्हणाले, "ओरडू द्या हो. आवाज आत्ता कुठे फुटलाय."

आई बाहेरच्या बाकावर शिवण घेऊन बसली होती. सगळे आटोपल्यावर तिने एकच विचारले, "मग आता कुणीच नाही जायचं?" मी नाही म्हटले. तिने मान हलवली. तिचा जीव भांड्यात पडला असावा.

२८ मार्च, गुरुवार

बाबा घरी. खिडकीपर्यंत चालतात आणि येतात. डॉक्टरीणबाईंचा शब्द पक्का — यंदा डोंगर नाही.

संध्याकाळी सरांचा फोन. मला वाटले, समाचाराचा असेल. तो तर होताच, पुढे म्हणाले, "तुझी जागा मी ठेवलीय. बिनजोडीचा माणूस मी नेत नाही, ते माहीत आहे तुला. पण दोन आठवड्यांत कुणी जोडीदार आणलास, तर ये. जो सगळ्यांसमोर बापाचं खरं सांगतो, तो मला वर हवाच आहे."

फोन स्पीकरवर होता. बाबा खुर्चीतून ओरडले, "येणार म्हणून सांग!"

बाबांशिवाय मी कशी जाऊ? बाबा म्हणतात, "मी एवढा सराव करून घेतला, तो वाया घालवणार? तू बघून ये आणि मला सांग. नीट बघतेस तू आता."

३ एप्रिल, बुधवार

जोडीदाराचा शोध! बाबा फोन घेऊन बसले आहेत, जणू माझे लग्नच जमवायचे आहे.

आतेभाऊ: "उन्हाळ्यात डोंगर? माझा ए.सी. माझ्याशिवाय राहू शकत नाही." माझ्या कार्यालयात शेजारच्या टेबलावर मुद्रिते तपासणाऱ्या बाई: "अगं, मला स्टुलावर चढले तरी गरगरतं." शाळेतली मैत्रीण जायला तयार, पण सुटी नाही. धाकटी मावशी म्हणाली, सासूबाईंना विचारून सांगते, म्हणजे नाही. बाबांनी तर वॉचमनलाही विचारले! तो म्हणाला, "मिस्त्री, मी तळमजल्याचा माणूस."

खूप हसलो. आई बाजूला बसून काज करत होती. ती तेवढी हसली नाही. दमली असेल, गेले काही आठवडे तिलाही जड गेले.

नाही जमले तरी काही बिघडत नाही, असे मी आता मनापासून म्हणू शकते. बाबा आहेत. रोज समोर खुर्चीत बसलेले, चहा गार झाला म्हणून कुरकुरणारे. एवढे ज्याला मिळाले, त्याने आणखी हिमालय मागावा का? थोडासा मागावासा वाटतो, हे मात्र खरे.

११ एप्रिल, गुरुवार

आज सरांना उत्तर द्यायचे होते. जोडीदार मिळाला नाही, क्षमा असावी, मनःपूर्वक आभार — अशी वाक्ये मी घोटून ठेवली होती. फोन वाजला, मी उचलला, पहिला शब्द उच्चारला आणि शिवणयंत्र थांबले.

"माझं नाव सांग त्यांना," आई म्हणाली.

बाबा आणि मी, दोघे वळलो. "तुझं?" बाबा म्हणाले. "तुला जायचंय?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

आईने आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "वॉचमनलासुद्धा विचारलंत तुम्ही," ती म्हणाली.