मथळ्यातून काढलेला 'सुखरूप'

आप्पा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि आज मला तुमच्या बाजूनं कुणाशी तरी कडाकडा भांडायचंय. तुम्ही तहसीलमध्ये कारकून होतात, पण लोहाऱ्यात लोक तुम्हाला ओळखायचे ते स्टँडवरच्या फळ्यामुळं. सकाळच्या गाडीनं पेपर यायचा, तुम्ही तो उभ्याउभ्याच वाचायचात आणि त्यातल्या नि गावातल्या मोजक्या बातम्या खडूनं फळ्यावर लिहून मग कचेरी गाठायचात. मी आता धाराशिवला एका न्यूज पोर्टलमध्ये आहे. पोर्टल म्हणजे फोनवर वाचायचा पेपर समजा. तिथं बातम्यांना मथळे देणं हे माझं काम. म्हणजे धंदा तुमचाच, फक्त तुम्ही तो हौसेनं करायचात आणि तुमच्या सदऱ्याला खडू लागायचा.

एक सकाळ लख्ख आठवते. मी दप्तर पाठीला लावून फळ्यापाशी उभी आहे आणि शेजारचा चहावाला तुम्हाला चिडवतोय. "आप्पा, जरा मीठमसाला टाका की. निम्मं लिहा, निम्मं पोटात ठिवा. लोकं थांबतील, माझा चा तरी खपंल." तुम्ही मागं न बघता म्हणालात, "लोकांला थांबवायचं कशापायी? गाडी चुकंल त्यांची." त्या दिवशी तुळजापूरहून येणारी एसटी शेतात कलंडल्याची बातमी होती. तुम्ही आधी मोठ्या अक्षरात 'सगळे सुखरूप' लिहिलंत आणि त्याखाली एसटीचं. मला ते काही पटलं नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरात तुम्ही जेवायला बसलात तेव्हा मी म्हणाले, "आधी गाडी उलटली लिहायचं ना, मग वाचायला मजा येती." तुमचा हात ताटातच थांबला. "मजा? ज्याचं माणूस त्या गाडीत हाय, त्यानं पहिल्या ओळीपासून दुसरीपतोर जीव कुठं ठिवायचा?" आईनं भाकरी थापता थापता तुम्हालाच दटावलं, "पोर हाय ती, जेवू द्या की." मी रुसून अर्ध्यावरच उठले.

आता ऐका. गेल्या आठवड्यात शाळेच्या मुलींना घेऊन लोहाऱ्याला येणारी जीप माकणीजवळ खड्ड्यात कलंडली. मुलींना खरचटलं, एकीचा चष्मा फुटला, बाकी काही नाही. मी फोन लावून ड्रायव्हरशी बोलले, शाळेतल्या बाईंशी बोलले, त्या मुलींशीही बोलले आणि मथळा दिला: 'माकणीजवळ जीप कलंडली, सर्व विद्यार्थिनी सुखरूप'. मी डबा खाईपर्यंत आमच्या संपादकानं त्याचं असं करून टाकलं: 'मुलींनी भरलेली जीप माकणीजवळ उलटली अन् पुढं जे घडलं...' ती शेवटची टिंबं पाहिली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. जाब विचारला तर हा संपादक पोरगा म्हणतो, "मॅडम, सुखरूप लिहिलं की बातमी तिथंच संपली. लिंक कोण उघडणार? आणि आत खाली लिहिलंय की सुखरूप. आपण खोटं कुठं बोललो?" खोटं नाही बोललो, खरंच. लबाडी म्हणतात ती हीच.

माकणीच्या आपल्या काकूला ते 'आत खाली' दिसलंच नाही. गावात रेंज धड नसते. ग्रुपवर मथळा आला आणि लिंक नुसती गोल फिरत बसली. तिची नात रोज त्याच जीपनं जाते. काकू चुलीवरचं तसंच टाकून, अनवाणी, डांबरी रस्त्यानं लोहाऱ्याकडं निघाली आणि चालता चालता तिनं मला फोन केला. "माय, तुझ्याच पेपरात आलंय म्हणं. पुढं काय घडलं गं? पोरगी हाय का न्हाय, तेवढंच सांग मला."

"हाय काकू, हाय. सगळ्या सुखरूप हायत."

 तिला रडू फुटलं आणि मग ती जी भडकली! "मग तसं लिव्हायला काय धाड भरली हुती तुमाला?"

फोन ठेवला आणि कुणाला न विचारता 'सुखरूप' मथळ्यात परत घातलं. संपादकानं मला स्क्रीनपाशी बोलावलं. किती लोकांनी उघडली त्या यादीत त्याच्या मथळ्यानं बातमी सगळ्यांत वर गेली होती आणि माझ्या मथळ्यानं घसरली. "बघा," म्हणाला. मी म्हणाले, "वर गेलेलं काय आहे ते तुम्ही बघा. घाबरलेल्या आया आहेत त्या. त्यांच्या पोटात गोळा आला, त्याला तुम्ही वाचक म्हणताय!" तो म्हणाला, मॅडम, भावनिक होऊ नका. पोरीसाठी धावणारी बाई भावनिक, तिला धावायला लावणारा हुशार! आता मथळे माझ्याकडून काढून घेतलेत आणि मला बाजारभावावर बसवलंय. तिथंही सांगून ठेवलंय की सोयाबीनचा भाव मथळ्यात द्यायचा नाही, 'सोयाबीनबाबत मोठी बातमी' एवढंच लिहायचं. मी भाव मथळ्यातच देणार आहे. काढायचं तर काढू देत कामावरून.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीये, आणि कुणी वाचणारही नाही. पण एवढं वाचून तुम्हाला वाटलं असतं की पोरगी आपल्यावर गेली, म्हणून एक गोष्ट सांगून टाकते. तो बदललेला मथळा मी पहिल्यांदा पाहिला तो डबा खाताना, माझ्याच फोनवर. बातमी मी लिहिलेली. त्या मुलींचा आवाज मी माझ्या कानानं ऐकलेला. तरी 'पुढं जे घडलं' वाचून माझ्या छातीत धस्स झालं, आप्पा, आणि मी ती लिंक उघडली.