हौसाच्या हंड्यावरचा नऊ

सुकापूर, ६ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. दिपिकास काकाकाकूंचे भरभरून आशीर्वाद.

परेशरावांचा खोकला गेला का? सासूबाईंच्या डोळ्याची पट्टी सुटली का? आणि तुझं ते पान्याखाली चेचलेलं बोट? काकू म्हणते, पोरीला टायमावर जेवाय मिलते का नाय ते पयलं इचार. विचारलं. आम्ही दोघं ठणठणीत. माझे कान मात्र आता जवळ येऊन ओरडल्याशिवाय दाद देत नाहीत, म्हणून फोन नको, पत्रच बरं.

तुमच्या पुण्याच्या वर्कशॉपमध्ये काळी मॉरिस आली आणि मालक ती आपल्या पनवेलच्या शमुएल डॉक्टरांची म्हणतो, हे वाचून रात्रभर कूस बदलत राहिलो. डॉक्टरांचा मुलगा हासाजी माझा जिवाचा दोस्त. एकोणसत्तरला ते सगळे इस्राएलला गेले. जाताना गाडी गव्हाणच्या कमळाकर पाटलांना दिली. वर्षाच्या आत इंजिन जाम झालं आणि गाडी गोठ्यात गेली, ती पुन्हा रस्त्याला लागलीच नाही. हासाजीला कळवलं. त्याचं उत्तर आलं आहे. तो अठ्ठ्याहत्तरचा झाला, त्याच्यावर तिकडे उपचार करणाऱ्यांनी एकाच प्रवासाची परवानगी दिली आहे. गाडी वडिलांचीच असेल तर जानेवारीत येतो, नसेल तर आता पाय उचलत नाही, म्हणतो.

कागदपत्रं नाहीत, नंबरप्लेट नाही, म्हणजे पार्टांनाच विचारायचं. कारखान्याने ठोकलेला महिना आणि साल शोध. रॉकेलने पूस, पातळ कागद ठेव, पेन्सिल आडवी घास, मी शिकवलं तसं. डॉक्टरांनी गाडी चोपन्न साली नवी घेतली होती. आणि काकाच्या दोस्तासाठी म्हणून काही लिहू नकोस. दिसेल तेच लिही.

असाच जीव लावत राहा.
तुझा जगनकाका


पुणे, १५ नोव्हेंबर २०२४

ती. काका व काकूंना दिपिकाचा शि. सा. न. वि. वि.

बोट बरं आहे, खोकला गेला, पट्टी सुटली. जेवते मी वेळेवर, काकूला सांगा. (परेश म्हणतो खोटं लिहू नकोस.)

काका, आधी चांगलं सांगते. डायनामोच्या अंगावर ५ ५४ आहे, स्टार्टरवर ४ ५४. दोन्ही ठसे कारखान्याचे, सरळ, एका उंचीचे. मी तर उडीच मारली. मग डायनामोचं मागचं झाकण पुसलं, तर त्यावर ८ ८९. स्टार्टरच्या झाकणावर ११ ८९. हे हाताने ठोकलेले आहेत, जरा तिरके. म्हणजे ऑगस्ट आणि नोव्हेंबर एकोणनव्वदला कोणीतरी ही गाडी दुरुस्त करून चालवली आहे. गोठ्यात पडलेल्या गाडीचा डायनामो कोण बांधणार? मालकाने ती उरणच्या भंगारवाल्याकडून घेतली, त्यामुळे मधलं कोणालाच माहीत नाही.

महिनाअखेर मला सहीचा अहवाल द्यायचा आहे. इथे माझ्या सहीने जाणारा हा पहिलाच. सगळे म्हणतात मुलीला पार्टातलं काय कळणार, म्हणून तर हातचं राखून लिहिता येणार नाही. डॉक्टरांची गाडी नव्हे, असंच लिहावं लागेल. हासाजीकाकांना तुम्ही कसं सांगाल? कागद सोबत जोडले आहेत.

रागावू नका. लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नका.
तुमची दिपिका


सुकापूर, २३ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. दिपिकास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी छाती फुगली आणि मग डोळे भरले. खरं लिहायला निघालीस म्हणून फुगली. चष्मा लावून मीही एकोणनव्वदच वाचलं. हासाजीला लिहायला कागद घेतला आणि तारीख टाकली.

काकू पाणी घेऊन आली. मी का रडतोय, म्हणून तिने विचारलं. मी कागद दाखवले. बाय, तुझी काकू दुसरी पास. पण तिने तो ८ ८९ पाहिला आणि म्हणाली, यो नऊ तर आपल्या हंड्याव हाय! मी म्हटलं, डोकं फिरलं काय. तर तिने अख्खा हंडा उपडा करून माझ्या पायावर पाणी ओतलं आणि काठ दाखवला.

लग्नात आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात. तुझ्या आजोबांनी, म्हणजे आमच्या बाबांनी, तुझ्या काकूच्या तांब्याच्या हंड्यावर हौसा या नावाशेजारी २ ९७ ठोकलं होतं, आपल्या गॅरेजातल्याच ठशांनी. पन्नास वर्षं त्या हंड्याचं पाणी प्यालो, पार्टांच्या दुकानात बसून जगभरच्या पार्टांवरचे आकडे वाचले आणि घरातला वाचला नाही! त्या हिशेबाने आमचं लग्न फेब्रुवारी सत्त्याण्णवला झालं म्हणायचं. झालं पंच्याहत्तरच्या वैशाखात. काकू म्हणते, मामंजींनी जन्मात विंग्रजी महिना मोजला नाय, पंचांग बघूनच सगला कारभार. वैशाख दुसरा महिना, शके अठराशे सत्त्याण्णव. कारखाना ठोकतो तसंच बाबा ठोकत, महिना आणि साल, फक्त आपलं.

आता तुझा ८ ८९ वाच. कार्तिक, शके अठराशे एकोणनव्वद. अठ्ठ्याहत्तर मिळव. सदुसष्टची दिवाळी! मला बाबांनी गॅरेजात पाऊल टाकू दिलं नव्हतं, कॉलेजात डांबलं होतं, म्हणून मला हे ठाऊक नाही. पण उरण नाक्यावरच्या बाबांच्या गॅरेजात मॉरिस एकच येई, डॉक्टरांची, हे अख्ख्या पनवेलला ठाऊक होतं.

तरी माझ्या शब्दावर जाऊ नकोस. हंड्याचा कागद घासून पाठवतो आहे. नऊची शेपटी तुटकी आहे. भिंगाखाली लावून बघ.

तुझाच, पाय ओला झालेला
जगनकाका


पुणे, ३० नोव्हेंबर २०२४

ती. काका व काकूंना शि. सा. न. वि. वि.

जुळला! तीनही नऊ एकाच जागी तुटलेले. दोन दिवस मी तेच बघत होते. अहवालात कारखान्याचे ठसे, हाताचे ठसे, शक आणि सन सगळं मांडलं, पुरावा म्हणून हंडाही लिहिला. मोठ्या साहेबांनी दोनदा वाचला आणि विचारलं, हे महादेव मिस्त्री कोण. माझे आजोबा, असं मी इतक्या मोठ्याने म्हटलं की वेल्डिंग थांबलं.

एकोणनव्वदवर मी सही केली असती तर? काकूच्या पाया पडते. हासाजीकाकांना आजच कळवा. ते येईपर्यंत डायनामो मी माझ्या हाताने बांधते.

तुमची माया अशीच राहो.
दिपिका


सुकापूर, २७ जानेवारी २०२५

चि. सौ. दिपिकास आम्हा दोघांचे आशीर्वाद.

पुण्याहून सुखरूप पोचलो. हासाजी काल विमानात बसला. तू गाडीचा चार्जिंगचा दिवा बघत होतीस, म्हणून तुझ्या नजरेतून जे निसटलं ते लिहितो. त्याने स्टिअरिंगला हात लावला नाही. बॉनेट उघडल्यावर माझा हात धरून वाकला आणि ८ ८९ वर बोट फिरवत राहिला. परतताना म्हणाला की त्या दिवाळीत डॉक्टर रात्री बाळंतपणाला निघाले होते आणि दिवे मंद झाले. महादेवमामा सणाचं ताट सोडून आले होते. मला हे कधीच कोणी सांगितलं नव्हतं. बाबा कुठल्या ताटावरून उठले ते मला सत्तावन्न वर्षांनी कळलं.

त्याआधी गाडीपाशीच त्याने विचारलं होतं की डायनामो आता कोणी बांधला. मी तुझ्याकडे बोट दाखवलं. माझी मान तेव्हा किती ताठ झाली म्हणून सांगू, अजून आखडलेली आहे. काकू तेल चोळते आहे.

सोबत पार्सल आहे. माळ्यावर बाबांची ठशांची पेटी सापडली. तुटक्या नऊसकट तुझी. तू डायनामो पौषात बांधलास, तेव्हा बाबांच्या ठशाखाली १० ४६ ठोक, जरा तिरकंच. पुढे कोणी शहाणा ते ऑक्टोबर दोन हजार सेहेचाळीस वाचेल. वाचू दे. त्याच्याही घरी एखादी हौसा असेल.

घासलेला कागद पाकिटात घालून लगेच उत्तर टाक. मी पोस्टमनच्या वाटेवर खुर्ची टाकून बसलो आहे.

तुझा जगनकाका